निमंत्रकाचे नाव

लग्नपत्रिका ही पाहण्याची वस्तू आहे, वाचण्याची नव्हे, अशी माझी परवापरवापर्यंत समजूत होती. पत्रिका हाती आली की आपण काय करतो? वरचा गणपती पाहतो, कोपऱ्यावरचे कुंकू बोटाला लागते ते पुसतो, वधूवरांची नावे, तारीख आणि स्थळ एवढ्यांवरून नजर फिरवतो आणि पत्रिका खिडकीच्या गजात खोचून ठेवतो. लग्न होऊन गेले की तिच्या कोऱ्या पाठीवर वाण्याची यादी लिहिली जाते. मधल्या मजकुराकडे लक्ष देण्याचे कारणच पडत नाही. तो सगळ्या पत्रिकांत एकच असतो, आणि जो सगळीकडे एकच असतो तो कोणी वाचत नाही.

माझ्यासारख्या वकिलाने तरी असे म्हणू नये. पक्षकाराने छापील कागदावर न वाचता सही केली की मी त्याच्यावर डोळे वटारतो. बँकेचा करारनामा असो, विम्याचा अर्ज असो, की साधे प्रतिज्ञापत्र असो. ‘आधी वाचा, मग सही करा’ हे वाक्य मी गेली वीस-बावीस वर्षे दिवसातून दहादा उच्चारत आलो आहे. पण ज्या कागदावर माझे स्वतःचे नाव चारशे प्रतींत छापले जायचे होते, त्याचा मजकूर मात्र मी न वाचताच मंजूर करून टाकला. ती हकीकत सांगावी असे मनात आहे.

माझे थोरले बंधू २०२१ च्या मे महिन्यात गेले. त्यांच्या दोन टिपर गाड्या खनिजाच्या वाहतुकीवर असत. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, मध्यंतरी सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. या उघडझापीत गाड्यांचे हप्ते मात्र एकदाही थांबले नाहीत. शेवटी दोन्ही गाड्या विकाव्या लागल्या, आणि तेवढ्यानेही सगळे देणे फिटले नाही. बंधूंच्या मागे वहिनींनी घर चालवले ते शिवणाच्या यंत्रावर. थोरल्या मुलीला नोकरी लागल्यावर थोडा श्वास घेता आला. हिला आम्ही घरात नुसती ‘बाय’ म्हणतो. गेल्या वर्षी तिचे लग्न बेळगावच्या एका चांगल्या घरी ठरले, तेव्हा वहिनींनी पहिली गोष्ट केली ती ही, की देवापुढे साखर ठेवली. आणि दुसरी ही, की हिशेबाची वही उघडली.

कार्यालय आणि जेवणावळ यांचा भार मी उचलावा, असे आम्ही भावंडांनी आधीच ठरवले होते. पत्रिकांचेही माझ्याकडे असू द्या, असे मी म्हणालो. वहिनी हसून म्हणाल्या, “भावजी, सगळेच तुम्ही केले तर लग्न तुमच्या मुलीचे होईल. पत्रिका आमच्या आम्ही करू.”

तरीही भाव तर कळावा, म्हणून बाय आणि मी शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार सज्जन होता. त्याने आमच्यापुढे पत्रिकांचे जाडजूड अल्बम ठेवले. उठावाचा गणपती, सोनेरी किनार, रेशमी गोंडा, एकात एक तीन पाने. त्यातली सर्वांत साधी पत्रिका छपाईसह पस्तीस रुपयांना पडत होती. आमची यादी चारशे घरांची. म्हणजे चौदा हजार रुपये. मी मनात हिशेब करीत होतो, तोच त्याने एक वही पुढे सरकवली आणि विचारले, “मजकूर कुठला घालू? नमुना नंबर सांगा.” वहीत क्रमांक घातलेले नमुने चिकटवलेले होते. आजोबा निमंत्रक असले तर एक, आईवडील असले तर दुसरा, अशी सोय होती. मुलीचे वडील हयात नाहीत असे कळताच त्याने जरा आवाज खाली आणून म्हटले, “मग सातवा. काकांच्या नावाचा.”

“सातवा,” मी म्हणालो. मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. बाय वहीवर बोट ठेवून थोडा वेळ पाहत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, “काका, पत्रिका आपणच घरी करूया.” चौदा हजारांचा आकडा तिला भारी वाटला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

घरी पत्रिका करणे हे दिसते तितके कठीण नाही, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो. आणि ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी हा भाग टिपून ठेवायलाही हरकत नाही. ए-चार आकाराचा जाड, पांढरा, अडीचशे ग्रॅमी कागद घ्यावा. तो मधोमध कापला की दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याची घडी घातली की बेताची, हातात मावेल अशी पत्रिका तयार होते. चारशे पत्रिकांना दोनशे कागद पुरतात. सात रुपयांप्रमाणे त्यांचे झाले चौदाशे. छपाई आम्ही केली ती कोर्टासमोरच्या टायपिंगच्या दुकानात. रोज माझी प्रतिज्ञापत्रे जेथून बाहेर पडतात त्याच यंत्रातून माझ्या पुतणीची लग्नपत्रिका बाहेर पडली. एका कागदाला चार रुपये, म्हणजे आठशे. रंगीत छपाई महाग पडते, म्हणून मजकूर काळ्याच शाईत ठेवला.

पण मंगलकार्याच्या पत्रिकेवर लाल रंग नको का? ही अडचण बायने सोडवली. आपल्या कोकणपट्टीतल्या जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर कावीचे काम असते. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर देतात आणि तो कोरून खालचा पांढरा चुना उघडा करतात. तांबडे आणि पांढरे या दोन रंगांवाचून त्या चित्रकारांना तिसरा रंग कधी लागला नाही. त्या धर्तीचे एक फूल बायने कागदावर काढले आणि कोर्टाच्या आवारात नोटरीचे शिक्के करून देणाराकडून त्याचा रबरी शिक्का करून घेतला. शिक्क्याचे साडेतीनशे आणि तांबड्या शाईचे ऐंशी. पाकिटे दोन रुपयांची, आठशेची. सगळे मिळून तीन हजार चारशे तीस. वाचलेल्या दहा हजारांत मंडपवाल्याची आगाऊ रक्कम भागली.

एक गोष्ट सांगायला हवी, ती मुद्रितशोधनाची. संगणकावर देवनागरीचा टंक बदलला की जोडाक्षरे फुटतात, रेफ जागा सोडतो, आणि ‘शुभविवाह’ या मंगल शब्दाचेही कडबोळे होते. म्हणून सगळ्या प्रती काढण्याआधी एकच प्रत काढावी, ती घरातल्या तिघांनी वेगवेगळी वाचावी, आणि वार, तिथी, तारीख ही पंचांगाशी ताडून पाहावीत. आमच्या पहिल्या प्रतीत तारीख बरोबर होती. वार चुकला होता.

पण हे सारे पुढचे. कागद आला, शिक्का आला, पाकिटे आली, आणि मग प्रश्न आला मजकुराचा. “तुम्ही वकील, शिवाय लिहिता. मजकूर तुम्हीच लिहा,” असे म्हणून बायने कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. मी पाच मिनिटांत लिहून मोकळा झालो. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ पासून ‘आपला नम्र’ पर्यंत हात आपोआप चालला. वर कुलदेवता, मग कै. बंधूंचे नाव, त्यांची ज्येष्ठ कन्या, आणि खाली निमंत्रक म्हणून मी. न पाहता मी सातवा नमुना शब्दशः उतरून काढला होता.

बायने तो वाचला आणि शांतपणे विचारले, “काका, हांगा आईचें नांव खंय आसा?”

मी कागद पुन्हा पाहिला. वहिनींचे नाव खरोखरच कोठे नव्हते. मी म्हणालो, “तशी पद्धत आहे.”

“चाल आसा म्हूण बरयलां, काय तुमकां तशें दिसता म्हूण?”

उलटतपासणीत साक्षीदाराला मी असे प्रश्न पुष्कळदा विचारले आहेत. उत्तर न देता घसा खाकरणारा साक्षीदार कसा दिसतो, हेही मी पाहिले आहे. त्या दिवशी तो आतून कसा असतो हे कळले.

मी तो कागद घेऊन ओटीवर जाऊन बसलो आणि आयुष्यात प्रथमच लग्नपत्रिकेचा मजकूर एकेक शब्द करून वाचू लागलो. त्यात वाईट असे काही नाही. उलट, जुन्यांनी किती विचाराने शब्द ठेवले आहेत ते पाहून आदर वाटतो. ‘श्रीकृपेकरून’ म्हणजे हे कार्य आम्ही करतो आहोत असा अहंकार नको. ते त्याच्या कृपेने घडते आहे. ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष; बोलावणारा आधी वाकतो आणि मग बोलावतो. ‘सहकुटुंब सहपरिवार’ म्हणजे तुमच्या घरातले कोणी मागे राहू नये. इतक्या अगत्याने दुसऱ्याच्या घरातली माणसे मोजणाऱ्या या मजकुरात आपल्याच घरातले एक माणूस मात्र गाळलेले होते. ते कोणी मुद्दाम गाळले नव्हते, मीही नाही. तयार नमुना घेतला की त्याच्याबरोबर त्यातली गाळलेली जागाही आपण घेतो, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. दुकानातून पत्रिका आणली असती तर माझेही गेले नसते. पैसे वाचवण्यासाठी पत्रिका घरी करायला घेतली, आणि प्रत्येक शब्द स्वतः लिहावा लागला, म्हणून ती जागा दिसली.

बसल्या बसल्या मला आणखी एक कागद आठवला, आणि माझे मलाच ओशाळे वाटले. बंधूंच्या मागे वारशाच्या कामाची कागदपत्रे मीच तयार केली होती. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. त्याच्या परंपरेप्रमाणे वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मिळकत सामाईक असते; अर्धा वाटा पत्नीचा, आणि तिच्या सहीवाचून नवऱ्याला स्थावर विकता येत नाही. दोघांपैकी एकजण गेला की मागे राहिलेल्याकडे वारशाच्या मिळकतीचा कारभार प्रथम येतो. जुने वकील त्याला अजूनही ‘काबेस द काझाल’ म्हणतात, म्हणजे कुटुंबप्रमुख. त्या जागी मी वहिनींचे नाव स्वतःच्या हाताने लिहिले होते. न्यायाधीशांपुढे उभा राहून मी सांगितले होते की, या घराच्या प्रमुख ह्या आहेत. नवऱ्याचे कर्ज फेडताना त्या प्रमुख, घराचा दस्तऐवज सांभाळताना त्या प्रमुख. आणि चार लोकांना जेवायला बोलावताना मात्र त्यांचा पत्ता नाही. विवाहनोंदणीच्या कार्यालयात बायने पहिली सही केली तेव्हाही तेथल्या कागदावर बाप आणि आई या दोघांची नावे होती. सरकारी कारकुनाला जे सुचले होते ते मला, सख्ख्या दिराला, सुचले नव्हते.

आता वाटेल की, मग काय, नाव घातले आणि प्रश्न संपला. तसे होत नाही. घरात आमची आत्या आहे, वय ब्याऐंशी. तिला विचारल्यावाचून आमच्याकडे मुहूर्ताचा नारळही फुटत नाही. मी विषय काढला तेव्हा ती वाती वळत होती. हात न थांबवता म्हणाली, “मंगलकार्याच्या कागदावर पहिले नाव तिचे नको.”

मी थोडा ताठून म्हणालो, “का? आई नव्हे ती?”

आत्याने वाती बाजूला ठेवल्या. “तूं वकील. पूण लोक तुका कळूंक नात. फाल्यां कितेंय उणें-अदीक जालें जाल्यार लोक कोणाक दोश दितले? तिकाच.”

या बोलण्याला माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते. आत्या स्वतः बत्तिसाव्या वर्षी विधवा झाली. तिच्या मुलीच्या लग्नात निमंत्रक तिचा दीर होता. अक्षता पडल्या तेव्हा ती स्वयंपाकघरात, पाठच्या दाराशी, नारळ खवत होती, असे मी आईच्या तोंडून ऐकले होते. तेव्हा आत्याचा विरोध हा तिरस्कारातून आलेला नव्हता. जगाचा फटका कोठून बसतो हे तिला ठाऊक होते, आणि वहिनींना ती त्यापासून आडोशाला ठेवू पाहत होती. रूढी म्हटली की आपण तिच्यामागे एखादा दुष्ट चेहरा शोधू लागतो. पुष्कळदा तेथे दिसतो तो असा एक भ्यालेला, मायाळू चेहरा.

वहिनींना विचारले तर त्या म्हणाल्या, “म्हजें नांव थंय कित्याक जाय? तुमचेंच घालात, भावजी.” आणि त्या पुन्हा शिवणाला बसल्या.

निर्णय लांबला. छपाई अडली, म्हणून आम्ही दुसरी कामे उरकायला घेतली. एका संध्याकाळी सगळे माजघरात बसलो होतो. चारशे पाकिटांवर नावे घालायची होती. आत्या एकेक वाडा आठवून घरे सांगत होती, बाय लिहीत होती, मी पाकिटे वेगळी करीत होतो आणि वहिनी त्यांचे पन्नास-पन्नासांचे गठ्ठे बांधीत होत्या. कामाला चांगला रंग भरला होता. इतक्यात माझी पत्नी हळदकुंकवाचे तबक घेऊन आली आणि पाकिटांच्या कोपऱ्यांना बोटे लावायला बसली. कोणी काही बोलले नाही. वहिनींनी हातातला गठ्ठा खाली ठेवला, “चुलीवर दूध आहे” असे म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

थोड्या वेळाने मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. शेगडी विझलेली होती आणि तीवर भांडे नव्हते. वहिनी खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी पाणी न पिताच परत आलो.

चारशे पाकिटांचा कागद वहिनींनी निवडला होता, भाव वहिनींनी केला होता, गठ्ठे वहिनींनी बांधले होते. मुलगी त्यांची, आणि कुंकू आले की उठायचे त्यांनीच. कोणी ‘ऊठ’ म्हणायचीही गरज उरलेली नव्हती, हे मला सर्वांत जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी मी आत्यापाशी गेलो. म्हणालो, “आत्या, वकिली भाषेत सांगतो. ज्याला अधिकार नाही त्याने सही करायची नसते. मी या लग्नाचा निमंत्रक नाही. दादा असता तर त्याने बोलावले असते. पण गेलेल्या माणसाच्या नावाने दावा लागत नाही, तसे निमंत्रणही जात नाही. आता बोलावण्याचा अधिकार एकीचाच आहे. ती नको म्हणत असेल तर पत्रिकेत निमंत्रक कोणीच असणार नाही.”

आत्या पुष्कळ वेळ गप्प बसली. मग एवढेच म्हणाली, “पयलीं देवीक दाखय.”

आमची कुलदेवता कवळ्याची श्री शांतादुर्गा. पहिली पत्रिका कुलदेवतेला, ही आपल्या सगळ्यांकडची रीत. नमुन्यादाखल काढलेली ती एकच पत्रिका, नारळ, विडा आणि फुले घेऊन आम्ही सोमवारी सकाळी कवळ्याला गेलो. आत्या, वहिनी, बाय आणि मी. पत्रिकेत निमंत्रक म्हणून वहिनींचे नाव होते. ते पाहून वहिनी गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या.

शांतादुर्गेची कथा वाचकांना मी काय सांगावी? विष्णू आणि शिव यांच्यात युद्ध जुंपले तेव्हा ती दोघांच्या मधे उभी राहिली आणि तिने त्यांना शांत केले, अशी आपली श्रद्धा आहे. सोळाव्या शतकात केळशीचे देऊळ पडले आणि ती नदी ओलांडून अंत्रुजात आली. तिच्यामागोमाग माणसेही आली. १६२० साली पोर्तुगीज सत्तेने आपल्या मुलखात हिंदूंच्या लग्नविधींना बंदी घातली. लग्न लावायचे तर हद्दीपलीकडे जावे लागे. ज्या प्रदेशात, १५५६ साली, भारतातला पहिला छापखाना उतरला होता, त्याच प्रदेशात आपल्या पूर्वजांना लग्नाचे बोलावणे उघडपणे करण्याची चोरी होती. सभामंडपात उभा राहून मी हातातल्या त्या साध्या कागदाकडे पाहिले. दाराला तोरण लावून, नाव घालून, ‘या’ असे चारचौघांत म्हणता येणे ही किती मोठी गोष्ट आहे! आणि ते म्हणण्याचा हक्क आपण आपल्याच घरातल्या आईला नाकारायचा, हे त्या देवीपुढे उभे राहून मला अधिकच चमत्कारिक वाटले.

भटजींनी पत्रिका तबकात घेतली, वर नारळ ठेवला, आणि गाऱ्हाणे घालण्याआधी नेहमीप्रमाणे विचारले, “आपोवणें कोणाचें?”

क्षणभर कोणी बोलेना. भटजी माझ्याकडे पाहत होते. पुरुष मी एकटाच होतो. वहिनी मागे खांबाशी सरकल्या होत्या. इतक्या वर्षांच्या सवयीने माझे तोंड उघडलेही असते. पण त्याआधीच माझ्या बाजूने आवाज आला.

“हिची आवय आपयता,” आत्या म्हणाली. आणि खांबाकडे वळून, “फुडें यो गो.”

वहिनी पुढे आल्या. भटजींनी त्यांना नाव विचारले आणि त्यांच्या नावाने देवीपुढे गाऱ्हाणे घातले. मी कोर्टात पुष्कळ निकाल ऐकले आहेत. इतक्या कमी शब्दांतला क्वचितच.

त्या दुपारी पत्रिका छापायला टाकल्या. मजकूर फारसा बदलला नव्हता. श्रीकृपा तशीच राहिली, साष्टांग नमस्कार तसाच राहिला. ‘आमची कन्या’ च्या जागी ‘माझी कन्या’ आले. वडिलांचे नाव मुलीच्या नावाशेजारी राहिले आणि खाली निमंत्रक म्हणून वहिनींचे. मी, आत्या आणि बाकीची मंडळी ‘स्वागतोत्सुक’ या सोयीच्या शब्दाखाली जाऊन बसलो. बायने शेवटी घरच्या बोलीतली एक ओळ घातली: ‘तुमी सगळ्यांनी येवचें.’ मराठी पत्रिकेत कोंकणी ओळ कशी, असा प्रश्न एका आप्तांनी केला. आमच्या घरात भांडणे आणि जेवणे कोंकणीत होतात आणि पत्रे मराठीत जातात. पत्रिकेतही दोघी शेजारी बसल्या तर बिघडले कोठे, असे मी त्यांना म्हणालो.

लोक काय म्हणाले? काही जणांनी पत्रिका पाहिली, वाचली नाही. त्यांचा प्रश्नच नव्हता. दोन घरी नापसंती दिसली, ती चहाच्या पेल्याआड राहिली. एका वृद्ध गृहस्थांनी मात्र चष्मा लावून मजकूर शेवटपर्यंत वाचला, वहिनींकडे पाहिले आणि उठून हात जोडले. बेळगावहून वरपित्यांचा फोन आला. म्हणाले, “वकीलसाहेब, आमच्या पत्रिका छापून झाल्या आहेत. नाहीतर आमच्याही पत्रिकेत मुलाच्या आईचे...” त्यांनी वाक्य पुरे केले नाही, आणि मीही ते ओढून काढले नाही.

निमंत्रणाला मात्र वहिनी स्वतः गेल्या. मी गाडी चालवीत होतो. वकिलीत आम्ही म्हणतो की नोटीस पाठवणे वेगळे आणि ती बजावणे वेगळे; पोस्टाने गेलेला कागद आणि हातात दिलेला कागद यांत फरक असतो. तो फरक मी त्या आठवड्यात पाहिला. पहिल्या दोन-तीन घरी त्या माझ्या मागे उभ्या राहत. नंतर त्या पुढे आणि मी मागे असे झाले. पाचव्या की सहाव्या दिवशी मी गाडीतच बसून राहिलो. उंबऱ्याशी उभ्या राहून, पत्रिका दोन्ही हातांनी पुढे करून, “बायचें लग्न आसा. तुमी येवचें,” असे त्या म्हणत, तेव्हा त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत स्पष्ट ऐकू येई. तो आवाज मी चार वर्षांत ऐकला नव्हता.

लग्न झाले. मुलगी सुखात आहे. आत्याला ज्याची भीती होती ते उणे-अधिक काही झाले नाही. झाले असते तरी त्याचा दोष एका नावावर गेला नसता, असे मी म्हणू शकत नाही. माणसे इतक्या लवकर बदलत नाहीत. पण निदान ते नाव कागदावर उघडे होते, कोणाच्या आड लपलेले नव्हते.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कोणाचीही पत्रिका आली की मी गणपती पाहायच्या आधी खाली जातो आणि निमंत्रक कोण ते वाचतो. कोणाचे नाव नाही, तेही वाचतो. आपल्या पुढच्या अंकापर्यंत वाचकांकडे दोनचार पत्रिका येतीलच. त्यांनीही एकदा वाचून पाहावे.

परवा काही हिशेबासाठी वहिनींची वही पाहायला मागितली. लग्नाच्या पानावर खर्चाच्या नोंदी होत्या. ‘पत्रिका : ३४३०’ ही त्यातलीच एक. त्या पानात घडी घातलेली एक पत्रिका ठेवलेली होती. मी ती उलटून पाहिली. वहिनी कागदाचा तुकडा वाया घालवणाऱ्या नव्हेत. आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पत्रिकेच्या पाठीवर त्यांच्या अक्षरात तांदूळ, गूळ, मिरच्या लिहिलेल्या मी पाहिल्या आहेत. या पत्रिकेची पाठ अजून कोरी होती.